धरलेली जागा

कुणीतरी सांगायला हवं होतं. तुमच्यापैकी एकानं तरी. रोज माझ्यासमोरून आत जात होतात. देवघेवीच्या काउंटरवर ओळखपत्र ठेवत होतात, ‘गुड मॉर्निंग मॅडम’ म्हणत होतात. कूलरमध्ये पाणी नाही, पंखा आवाज करतो, अमक्या पुस्तकाची पानं फाडलीत, हे सगळं सांगायला तोंड होतं. एवढं एकच सांगायला नव्हतं. आणि आता वर मलाच विचारता, मॅडम, जळगावला घराजवळची नोकरी चालून आली होती, ती का नाही घेतली?

मग ऐका. पण दार लोटून घ्या आधी. ऊन येतं.

त्या मे महिन्यात मी जळगावहून उजळणी वर्ग करून धुळ्याला परतले होते. ग्रंथपालांसाठी विद्यापीठात असतो तो. बहुतेक जण तिथे पदोन्नतीच्या प्रमाणपत्रासाठी येतात आणि मागच्या रांगेत फोन बघत बसतात. मी पहिल्या रांगेत बसले. रोज जळगावातल्याच पिंप्राळ्याच्या आमच्या घरून रिक्षानं जायची, वही भरून यायची. शेवटच्या दिवशी एक वक्त्या आल्या होत्या, साध्या सुती साडीतल्या. त्या म्हणाल्या, “परत गेल्यावर कपाटं बघू नका. तुमच्या ग्रंथालयात जमिनीवर कोण बसतंय, ते आधी बघा.”

मला ते वाक्य लागलं. मी तशी आहेच. मला एखादी गोष्ट पटली की ती त्याच दिवशी करावीशी वाटते. आपल्याकडे ‘बघू’, ‘करू’, ‘साहेबांना विचारू’ यात माणसाचं अर्धं आयुष्य जातं, आणि तेवढ्यात एखाद्या मुलीचं शिक्षण संपून तिचं लग्नही लागून जातं.

तर परतल्या दिवशी सकाळी मी अभ्यासिकेत गेले. आमचं कॉलेज महामार्गाला लागून. ग्रंथालयाच्या मागे लांबट खोली, तीच अभ्यासिका. उन्हाळ्यात ग्रंथालय सकाळी लवकर उघडतं आणि दुपारी बंद होतं. स्पर्धा परीक्षेची मुलं दार उघडायच्या आधीपासून पायऱ्यांवर बसलेली असतात, कारण आत कूलर आहे आणि दाराला वाळ्याचा पडदा आहे. मगनभाऊ, आमचे परिचर, त्यावर दर तासाला पाणी मारतात. खोलीभर ओल्या वाळ्याचा वास, पानं उलटण्याचा आवाज, मधूनच कुणाचं तरी पुटपुटणं. मला ती खोली फार आवडायची. आवडायची, म्हणतेय मी.

जमिनीवर एक मुलगी बसली होती. कपाटाला पाठ टेकून, मांडीवर जाड पुस्तक.

“इथे का बसलीस?”

ती दचकून उभी राहिली. “जागा नाही ना मॅडम. मी शिरपूरच्या पलीकडून येते. पहिल्या गाडीनं निघाले तरी इथे येईपर्यंत सगळं भरून जातं.”

“नाव काय तुझं?”

“भूमिका.”

मी खोलीभर नजर टाकली. सगळ्या खुर्च्या भरलेल्या होत्या, फक्त खिडकीजवळची एक सोडून. तिच्यावर रुमाल होता. खिशातला नव्हे, डोक्याला बांधायचा मोठा पांढरा बागायती रुमाल, नीट घडी घालून ठेवलेला.

“ती रिकामी दिसतेय की.”

“ती धरेल आहे मॅडम.”

“कुणी धरलीय?”

“माहीत नाही. मी आले तेव्हापासून धरेलच आहे.”

मला आठवलं, हिवाळ्यात मी इथे रुजू झाले तेव्हाही तो रुमाल तिथेच होता. मी मोठ्यांदा विचारलं, “हा रुमाल कुणाचा?”

कुणी मान वर केली नाही. शेवटी पलीकडच्या टेबलावरून हितेंद्र बोलला. तो सगळ्यांत जुना, पोरांचा पुढारी, तोंडानं तिखट. “मॅडम, एसटीत खिडकीतून रुमाल टाकला की ती सीट कोणाची? ज्याचा रुमाल त्याची. तसंच आहे हे.”

“एसटीत टाकणारा निदान मागून चढतो तरी. हा कधी चढणार?”

एक जण खुदकन हसला आणि लगेच गप्प झाला. हितेंद्र मात्र हसला नाही.

अभ्यासिकेचा एक कायदा मला माहीत होता. लघवीला जायचं असो की चहाला, शेजाऱ्याला म्हणायचं, ‘जागा बघ रे.’ त्यानं ‘हो’ म्हटलं की तुम्ही परत येईपर्यंत त्यानं उठायचं नाही. मग त्याची गाडी सुटो की घरून फोन येवो. लिहिलेला नाही हा नियम कुठे, पण मी कुणालाही तो मोडताना पाहिलं नव्हतं. मला त्याचं कौतुकच होतं. पण गैरहजर माणसासाठी महिनोन्महिने खुर्ची अडवायची आणि शिरपूरहून आलेल्या मुलीनं फरशीवर बसायचं, याला कायदा नाही म्हणत. याला दादागिरी म्हणतात.

मी सरळ गेले आणि रुमाल उचलला.

तो ओला होता.

धुळ्यातला मे महिना. वाळत घातलेला कपडा मागे वळेपर्यंत कडक होतो. आणि हा रुमाल दमट होता, जड होता, नुकताच कुणाच्या तरी घामेजल्या डोक्यावरून सोडल्यासारखा कोमट होता. माझ्या बोटांना ते नको वाटलं. पण सगळे बघत होते.

“ये गं. बस,” मी म्हटलं. “आजपासून ही जागा तू सांभाळायची. मी बघते कोण उठवतंय ते.”

पानं उलटण्याचा आवाज थांबला. सगळ्या खोलीतला, एकदम. फक्त कूलर घरघरत होता.

“मॅडम,” हितेंद्र हळूच म्हणाला, “असं नका म्हणू तिला.”

“कसं?”

“…काही नाही.”

हे बघा. इथे सांगता आलं असतं.

रुमाल मी मगनभाऊंच्या हातात द्यायला गेले, तर त्यांनी दोन्ही हात मागे घेतले. “तुम्हीच ठेवा मॅडम. माझे हात ओले आहेत.” त्यांचे हात कोरडे होते. मी तो माझ्या टेबलाच्या खालच्या ड्रॉवरमध्ये टाकला आणि कामाला लागले. नवी पुस्तकं आली होती, बारकोड लावायचे होते, वर्गीकरण बाकी होतं. तासाभरात विसरूनही गेले.

भूमिकाचं सगळं मला हळूहळू कळत गेलं. बापाची कपाशी, दोन भाऊ लहान. तलाठ्याच्या परीक्षेला ती दुसऱ्यांदा बसत होती. तिच्या मामानं एक स्थळ आणून ठेवलं होतं. मुलाचं शिरपूरला कृषी केंद्र. तिची आई लताबाई हिनं भांडून यंदाचं वर्ष मागून घेतलं होतं. “यंदा नाही झालं तर दिवाळीनंतर बस्ता बांधायचा,” भूमिका म्हणाली, “असं ठरेलच आहे घरी.” परीक्षेचं केंद्र जळगाव होतं. मीच म्हटलं, आदल्या दिवशी दुपारी माझ्याबरोबर चल, पिंप्राळ्याला आमच्या घरी राहा, सकाळी माझी आई तुला केंद्रावर सोडेल. तिचे डोळे भरून आले. मला वाटलं, नोकरी करायची ती यासाठी.

पहिले काही दिवस ती फुलासारखी होती. पोरं चिडवायची, “मॅडमची लाडकी, खिडकीवाली!” ती उलट बोलायची, “तुम्ही पण या की फरशीवर, मी मॅडमना सांगते.”

मग तिचं बोलणं कमी झालं.

मी समजले, अभ्यास. परीक्षा जवळ आली की होतं असं. डबा खायला मुली बाहेर वडाखाली जायच्या, ती जायची नाही. पाण्याची बाटली सकाळी जेवढी भरलेली, दुपारी तेवढीच. बंद करायची वेळ झाली की मगनभाऊ खिडक्या लावत लावत तिच्यापर्यंत यायचे आणि ती शेवटच्या क्षणी, कुणीतरी ओढून काढल्यासारखी उठायची. दारात जाऊन मागे वळून खुर्चीकडे बघायची. सकाळी पायऱ्यांवर ती सगळ्यांच्या आधी असायची. मी विचारलं, पहिल्या गाडीच्या आधी कशी येतेस? तर म्हणाली, “येते.”

आणि खिडकीजवळ एक वास येऊ लागला होता. वाळ्याचा नाही. उन्हानं वितळलेल्या डांबराचा.

खिडकी महामार्गाच्या बाजूला आहे, त्यामुळे मी लक्ष दिलं नाही. माझ्या टेबलाचा खालचा ड्रॉवर अडकायला लागला, त्याकडेही नाही. लाकूड फुगून बसलं होतं. पावसाळ्यात फुगतं तसं. मे महिन्यात.

परीक्षेच्या आठवड्यात मी सराव चाचणी ठेवली. उजळणी वर्गातच ते शिकवलं होतं, ग्रंथपालानं पुस्तक देऊन थांबू नये. पेपर हितेंद्रनं तपासले. तो माझ्या टेबलाशी आला तेव्हा त्याच्या हातात एकच पेपर होता.

“भूमिकाचा आहे. गणित, मराठी, सगळं एक नंबर. चालू घडामोडी बघा.”

मी बघितलं. सगळी उत्तरं चुकली होती. पुरस्कार, स्पर्धा, नेमणुका, सगळंच.

“चुकली म्हणजे… चुकली नाहीये मॅडम.” त्यानं पेपरवर बोट ठेवलं. “बरोबर आहेत उत्तरं. कोरोनाच्या आधीच्या वर्षाची. त्या वर्षी मी पहिल्यांदा बसलो होतो, मला पाठ आहेत. हे असं कोण वाचतं आता?”

मी भूमिकाकडे गेले. ती वाचत होती. निदान मान खाली होती. “तू चालू घडामोडी कुठून करतेस?”

“मासिकातून.”

“कुठल्या?”

“इथे असतात ना, टेबलावर.” तिनं समोरच्या रिकाम्या टेबलावर हात ठेवला आणि सावकाश उजवीकडून डावीकडे फिरवला, पान उलटतात तसा. टेबलावर काही नव्हतं.

त्या वर्षाचे अंक ग्रंथालयात नव्हतेच. जुने, कालबाह्य म्हणून मीच ते बाद केले होते. रद्दीच्या गाडीत चढवताना मी उभी होते.

मी हितेंद्रला बाहेर ओसरीत घेऊन गेले. ऊन इतकं पांढरं होतं की समोरचा रस्ता थरथरताना दिसत होता. “आता बोल. त्या खुर्चीचं काय आहे?”

“तुम्ही मानणार नाही.”

“नाहीच मानणार. बोल.”

तो भिंतीकडे बघून बोलला. “कुंदन नावाचा होता एक. रावेरकडचा, केळीवाल्यांचा. मी आलो तेव्हा तो इथला सगळ्यांत हुशार. ती त्याची जागा. एक दिवस दुपारी शेजारच्याला म्हणाला, चहा घेऊन येतो, जागा बघ. रस्ता ओलांडताना कंटेनर आला. डांबर इतकं पातळ झालं होतं की त्याची चप्पल… चप्पल चिकटून बसली होती, म्हणतात. तो निघू शकला नाही.”

“आणि शेजारचा?”

“प्रेमराज. ओरडा ऐकून सगळे पळाले. तो उठला नाही. म्हणे, मी हो म्हटलंय. दुसऱ्या दिवशी आला, तो थेट कुंदनच्या खुर्चीवर बसला. जेवण नाही, पाणी नाही. घरचे उचलून न्यायचे, हा परत यायचा. शेवटी कुंदनचे वडील आले. आबा. सगळे म्हणाले, आता हे पोराला मारणार. आबांनी डोक्याचा रुमाल सोडला आणि खुर्चीवर ठेवला. म्हणाले, ‘ऊठ बेटा. आते मी देखस.’ म्हणजे, जागा आता मी बघतो. तेव्हा प्रेमराज उठला. नंतर महिनाभर दवाखान्यात होता.”

“आबा कुठे आहेत?”

“कोरोनात गेले.” हितेंद्रनं पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. “रुमाल मात्र सुकला नाही कधी.”

“हे तू मला तेव्हा का नाही सांगितलंस?”

“सांगितलं असतं तर तुम्ही काय केलं असतं?”

 मी तरीही रुमाल उचलला असता, आणि ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. पण म्हणून सांगायचंच नाही?

शनिवार उजाडला. दुपारी बंद करून तसंच बसस्थानकावर जायचं होतं. माझी पिशवी भरलेली होती. सकाळी लताबाईंचा फोन आला. “मॅडम, पोरगी चार दिवसांपासून घरी जेवत नाही हो. रात्री अंथरुणात उठून बसते, म्हणते, कोणी आलं का पाहू द्या. तुम्ही तिच्या मोठ्या बहिणीसारख्या. तेवढा पेपर देऊ द्या तिला. मग मी पाहते तिच्या मामाकडे.”

“तुम्ही काळजी करू नका ताई. मी घेऊन जाते तिला.”

पोरं लवकर पांगली. उद्या परीक्षा, त्यात बाहेर झळा. मगनभाऊ किल्ल्या घेऊन उभे होते. हितेंद्र थांबला होता. मी थांबायला सांगितलं नव्हतं.

“भूमिका, चल. बस जाईल.”

“येते मॅडम. तो आला की.”

“कोण आला की?”

“चहाला गेलाय. जागा बघ म्हणाला.” तिनं माझ्याकडे बघितलं नाही. तिची नजर दारावर होती. ओठ पांढरे पडले होते आणि त्यांना बारीक भेगा होत्या. “आत्ता येईल. ऊन आहे ना, म्हणून उशीर होतोय.”

तेवढ्यात लाइट गेली. कूलर घरघरत घरघरत थांबला. त्या खोलीत इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. महामार्गावरून एकही गाडी जात नव्हती. दारातल्या वाळ्याच्या पडद्यातून उन्हाच्या बारीक रेघा फरशीवर पडल्या होत्या.

मी टेबलाकडे धावले. ड्रॉवर ओढला, निघेना. मगनभाऊंनी स्क्रू ड्रायव्हर घालून तो फोडला. रुमाल आत होता. हातात घेतला तर हलका लागला. कोरडा ठणठणीत, घडीवर पिवळा पडलेला, नुसत्या धाग्यांचा. मी तो नेऊन भूमिकाच्या पुढे ठेवला, तिच्या मांडीवर ठेवला, खुर्चीच्या पाठीवर टाकला. काही झालं नाही.

“उपयोग नाही मॅडम,” हितेंद्र कुजबुजला. “आबा सुटले. तुम्हीच सोडवलं त्यांना. आता तिच्यावर आलंय.”

“मूर्खपणा बंद कर. धर तिला तिकडून.”

आम्ही दोघांनी तिला दंडाला धरून उचललं. अंगात वजन नव्हतंच. पण टेबलाची कड तिनं अशी धरली होती की नखाखालून रक्त आलं. आणि ती रडायला लागली, लहान मुलासारखी, आवाज न करता. “नका ना मॅडम… तो येईल आणि जागा नसेल… त्यानं कुठे बसायचं मग…” आम्ही हात सोडले तशी ती पुन्हा खुर्चीत बसली.

तेव्हा मला तो आवाज आला.

ओसरीवरून. चट… जरा थांबून पुन्हा, चट… चिकट जमिनीवरून पाऊल सोडवताना होतो तसा. एकच पाऊल. दुसऱ्या पावलाचा आवाज नव्हता.

“मगनभाऊ, बाहेर कोण आहे?”

 मगनभाऊ मागच्या कपाटांकडे सरकत गेले होते आणि किल्ल्यांचा जुडगा त्यांनी छातीशी दाबून धरला होता, वाजू नये म्हणून.

चट…

डांबराचा वास इतका दाटला की डोळ्यांत पाणी आलं. पडद्यातून फरशीवर पडलेल्या उन्हाच्या रेघा एकेक करून विझत गेल्या. खालून वर. कुणीतरी पडद्याच्या अगदी पलीकडे येऊन उभं राहावं तशा. पडद्याचा ओला वाळा आत फुगला. श्वासानं फुगावा तसा. आणि परत गेला.

भूमिकाचा चेहरा उजळला. “आला,” ती म्हणाली. आणि खुर्चीतच तिची मान एका बाजूला कलायला लागली.

मला त्या क्षणी काय वाटलं ते प्रामाणिकपणे सांगते. भीती वाटली नाही. राग आला. या मुलीची उद्या परीक्षा होती. तिच्या आईनं वर्षभर भांडून मिळवलेला एक दिवस होता तो. जिवंत माणसाला या देशात आधीच कुठे जागा मिळते, आणि मेलेल्यानं तीही अडवायची?

मी तिच्या आणि दाराच्या मध्ये उभी राहिले.  

“ऊठ भूमिका. जागा मी बघते.”

पडदा जिथल्या तिथे थांबला.

“ऐकलंस?” हे मी कुणाला म्हटलं, मला ठाऊक नाही. “मी आहे इथे. मी बघते. हिला जाऊ दे.”

रेघा परत आल्या. एक, मग दुसरी, मग सगळ्या. माझ्या मागे टेबलाची कड सुटल्याचा आवाज झाला, आणि भूमिकाचा अगदी नेहमीचा, झोपेतून उठल्यासारखा आवाज आला. “मॅडम, बस निघाली असेल का? अगं बाई, हे रक्त कशाचं?”

मी हितेंद्रला म्हटलं, तिला घेऊन जा. थेट पिंप्राळ्याला, आमच्या आईकडे. वाटेत पाणी पाज. तिला म्हटलं, मला थोडं काम आहे, मी मागून येते. ती हो म्हणाली. दारातून जाताना तिनं मागे वळून खुर्चीकडे बघितलं नाही. त्यांच्या मागोमाग मगनभाऊही गेले.

मी बसले.

खुर्ची कोमट होती. तुम्हाला वाटत असेल, काहीतरी धरून ठेवतं, हातपाय जड होतात. तसलं काही नाही. मी केव्हाही उठू शकत होते. फक्त उठावंसं मनात आलं, की लगेच दुसरं काहीतरी मनात यायचं. आत्ता आला तर? इतक्या उन्हातून चालत आला, आणि आपण नेमके नसलो तर? मग वाटायचं, थोडं थांबू. आणि मी दाराकडे बघत राहायचे. असं माणूस किती वेळ बसू शकतं, ते मला त्या दुपारी कळलं. ऊन खिडकीतून उतरून टेबलावर आलं, टेबलावरून फरशीवर गेलं, तांबूस झालं. कोणी आलं नाही. ते जास्त वाईट होतं.

संध्याकाळी मगनभाऊ परत आले. घामानं भिजलेले, बायकोला सोबतीला आणून. ते आत न येता म्हणाले, “मॅडम… तुमचं काही तरी ठेवा. अंगावरचं. आबांनी ठेवलं तसं.”

मी ओढणी काढली, नीट घडी घातली आणि खुर्चीवर ठेवली. मग उठता आलं.

भूमिकानं पेपर दिला. ती पास झाली. आज शिंदखेड्याच्या बाजूला एका गावात ती तलाठी आहे. पहिल्या पगारात तिनं आईला आणि मला सारख्याच साड्या घेतल्या. त्या दुपारचं तिला काहीही आठवत नाही आणि मी तिला कधी सांगणारही नाही. हितेंद्र पुन्हा अभ्यासिकेत आला नाही. त्यानं दुसरीकडे जागा बघितली.

आणि मी इथेच आहे. जळगावहून दोनदा बोलावणं आलं. पगार जास्त, घर जवळ, ग्रंथालय मोठं. पुण्याला एक प्रशिक्षण होतं, ज्यासाठी मी तीन वर्षं अर्ज करत होते, त्याचंही पत्र आलं. नाही म्हटलं. शनिवारी दुपारी पिंप्राळ्याला जाते, सोमवारी सकाळी परत येते. त्यापेक्षा जास्त बाहेर राहिले की रात्री अंथरुणात उठून बसते आणि दाराकडे बघते. आई विचारते, कुणाची वाट बघतेस गं? सोमवारी दार उघडलं की आधी ओढणीला हात लावून बघते. ती ओली असते. मी अंधश्रद्धा मानत नाही, अजूनही नाही. कूलरचे तुषार उडत असतील, असं म्हणून बघितलं. एक उन्हाळाभर कूलर हलवून दुसऱ्या भिंतीला ठेवला.

पण निदान कोणी येत नव्हतं. त्या दुपारनंतर तो पावलाचा आवाज मी पुन्हा ऐकला नव्हता. मी स्वतःला सांगत होते, त्याला एवढंच हवं असेल. जागा आहे, कुणीतरी बघतंय, एवढं कळलं की पुरे. येणार थोडाच आहे तो.

या सोमवारी मी जळगावहून आले, तर फाटकावर भाईदास नाना उभे होते. नवे पहारेकरी, मागच्याच आठवड्यात लागले. साक्रीकडच्या खेड्यातले, भोळा माणूस. इथलं त्यांना काही माहीत नाही. तंबाखू मळत त्यांनी मला हाक मारली.

“मॅडम, शनवारले तुम्ही गयात ना, त्याना मागेच एक पोरगा उनता. ग्रंथालयना.”

“कोण पोरगा आला होता, नाना?”

“नाव नही सांगं. एकच पायमा चप्पल व्हती बिचाराना, उन्हामा उभा. मी सांगं, बठ्ठं बंद शे भाऊ, सोमवारले ये.” त्यांनी तंबाखू तोंडात टाकली आणि माझ्याकडे बघून हसले, एखादं काम नीट केल्यासारखे. “त्यानी इचारं, मनी जागा आते कोन देखस? मंग मी तुमनं नाव सांगी दिधं.”